पाडा म्हणजे बेटच: फेब्रुवारी ते जून पिण्याचं पाणी पुरवायचं कसं

नाशिक जिल्ह्यात सावळघाटातून पेठकडे जाताना जुलैत गाडीचे वायपर थांबत नाहीत. एप्रिलमध्ये त्याच रस्त्यावर आपल्या पुढे पाण्याचा टँकर चाललेला असतो. टँकर पाड्यावर पोचला की पाणी विहिरीत सोडतात. तळाचा गाळ ढवळून निघतो आणि तेच गढूळ पाणी बाया पोहऱ्याने पुन्हा वर काढतात. पाणी वर आणलं, खाली टाकलं, परत वर ओढलं. एवढ्या उपद्व्यापात एक साधी सिमेंटची टाकी सुचू नये, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मला हा पाडा बेटासारखा वाटतो. तीन बाजूंना दरी, चौथ्या बाजूला डोंगर. पडलेला पाऊस कातळावरून घसरून दमणगंगा, पार, नार, वैतरणेला जाऊन मिळतो आणि पाड्याच्या वाट्याला नुसता आवाज राहतो. टँकर हे त्या बेटावर येणारं जहाज. खऱ्या बेटांवरची माणसं जहाजाच्या भरवशावर राहत नाहीत. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडावर एकही नदी नाही. पाऊस साधारण १४०० मिलिमीटर. तिथे छतावरचं पाणी साठवायची टाकी घराखाली बांधणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि छपरं पांढरी, पायऱ्यापायऱ्यांची असतात ती पाणी धरण्यासाठीच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत चांगल्या वर्षी याहून जास्त पाऊस पडतो. लक्षद्वीपच्या कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या पाण्याची कमी दाबाखाली वाफ करून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी काढतात. आपल्याला समुद्र नाही, तेव्हा तो रस्ता बंद. पण त्या बेटांवर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, आणि विहिरीतून हाव करून उपसलं की खालून खारं पाणी वर येतं. आपल्या डोंगरात खारं पाणी येत नाही, विहीर कोरडी पडते. उपसा मोजूनच करायचा, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

खाली लिहिलंय ते ५०-६० घरांचा पाडा डोळ्यांसमोर ठेवून. सिन्नर, येवला, नांदगाव या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांसाठी काय बदलतं ते शेवटाकडे आहे.

आधी माणसं मोजा, पण होळीला

पाड्याची लोकसंख्या कागदावर एक असते आणि पाणवठ्यावर दुसरी. दिवाळीनंतर निम्मी घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामावर जातात. जानेवारीत मोजायला गेलात तर म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरं भेटतील. होळीला सगळे परततात. पाठोपाठ लग्नसराई येते. पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाच माणसं सर्वांत जास्त, म्हणून हिशेब त्याच आठवड्याचा धरायचा.

दोन खाती वेगळी ठेवा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी ८ ते १० लिटर. बाकी धुणं, भांडी, अंघोळ. जलजीवन मिशन माणशी दिवसाला ५५ लिटर धरतं. ते उद्दिष्ट रास्त आहे, पण मे महिन्यात कसं निभवायचं ते ठरवताना या ५५ चे दोन तुकडे करावे लागतात. ८-१० लिटर कोणत्याही परिस्थितीत शुद्ध आणि दाराशी. उरलेलं जमेल तसं, थोडं लांबून आणलं तरी चालेल. गाई-बैलाला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर लागतं, शेळीला ५ च्या आसपास. जनावरं हिशेबातून सुटली की सगळी योजना फसते, कारण तहानलेली गाय टाकीचं कुलूप जुमानत नाही.

झरा मे महिन्यात मोजा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो. एका पाड्यावर जानेवारीत झऱ्याखाली बादली धरली, लिटरला ३ सेकंद लागले. सगळे खूश. त्या आकड्यावर पाइप, टाकी, सगळं ठरवलं. एप्रिलच्या अखेरीस त्याच जागी एक लिटर भरायला ४० सेकंद लागत होते. टाकी बिचारी तशीच आ वासून उभी राहिली.

मोजायला लागतं काय, तर एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. धार पन्हाळीने किंवा केळीच्या सोपटाने एकत्र आणायची, बादली भरायला किती सेकंद लागले ते तीनदा बघायचं आणि मधला आकडा धरायचा. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला हे करायचं आणि शाळेच्या भिंतीवर लिहायचं. वही हरवते, भिंत हरवत नाही.

समजा, एप्रिलअखेर लिटरला १० सेकंद लागतात. बघणारा म्हणेल, ही काय धार झाली! पण तासाला ३६० लिटर म्हणजे दिवसरात्र मिळून ८,६४० लिटर. ६० घरांत ३०० माणसं धरली तर माणशी २५ लिटरने ७,५०० लिटर लागतात. म्हणजे पाणी पुरतंय! पण बाया पहाटे ५ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ भरतात, म्हणजे ९ तास, ३,२४० लिटर. उरलेले १५ तास, विशेषतः रात्री, तब्बल ५,४०० लिटर दगडांतून वाहून जातं. बऱ्याच पाड्यांवर पाणी नाही असं म्हणतात तेव्हा खरं तर रात्रीचं पाणी धरायला भांडं नसतं. १०-१२ हजार लिटरची एक टाकी हा या पाड्याचा निम्मा इलाज आहे.

विहीर असेल तर ती उपसून पाणी किती वेगाने चढतं ते बघा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १० सेंटिमीटर चढली म्हणजे साधारण २,८०० लिटर आले. हे एका तासात होत असेल तर विहीर दमदार आहे. सबंध रात्र लागत असेल, तर त्या विहिरीवर मोठी मोटर बसवणं म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

झऱ्याला हात लावताना

हा सगळ्यांत नाजूक भाग, म्हणून जरा सावकाश.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. घट्ट काळ्या पाषाणातून पाणी जात नाही. सच्छिद्र किंवा भेगाळलेल्या थरातून जातं. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा, गेरूसारखा पट्टा दिसतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही, मग पाणी आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. तोच आपला झरा. म्हणून एकाच उंचीवर, एकाच रेषेत दोन-तीन झरे सापडतात. एक मिळाला की त्याच पातळीवरून डोंगराला वळसा घालून बघा. उंबर, करंज, नाहीतर उन्हाळ्यातही हिरवं राहिलेलं गवत दिसलं तर तिथे थांबायचं.

झरा ‘मोठा’ करण्यासाठी सुरुंग लावू नका. भेग भलतीकडे उघडली की पाणी खालच्या थरात उतरतं, ते पुन्हा येत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारणं हाही त्यातलाच प्रकार. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ पासून आहे. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.

काम असं करायचं. जिथून उमाळा फुटतो तिथला गाळ, पाला, मुळं हातांनी आणि छोट्या कुदळीने काढायची, खरा खडक दिसेपर्यंत. मागच्या बाजूला कोरडे दगड रचायचे, सिमेंट नाही, म्हणजे पाणी त्यातून मोकळं येईल. मध्ये धुतलेली खडी. पुढे आणि बाजूंना सिमेंटची भिंत, वर स्लॅब, माणूस वाकून हात घालू शकेल एवढं झाकण आणि त्याला कुलूप. पुढच्या भिंतीत तीन पाइप लागतात. तळाशी गाळ काढण्याचा, त्याच्या वर १०-१५ सेंटिमीटरवर पाणी नेण्याचा आणि सर्वांत वर सांडव्याचा. हा सांडव्याचा पाइप झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा खालीच हवा. पेटीत पाणी त्याच्या वर चढलं तर मागे दाब येतो आणि झरा दुसरी वाट शोधतो. गवंड्याला ही गोष्ट चारदा सांगावी लागते, कारण त्याला टाकी उंच बांधायची हौस असते.

पेटीच्या मागे, रचलेल्या दगडांच्या वर चिकणमाती दाबून बसवा. वरच्या अंगाला ८-१० मीटरवर एक चर खणा, म्हणजे पावसाळ्यातलं वाहतं घाण पाणी बाजूने जाईल. भोवती कुंपण. सांडव्याचं पाणी वाया घालवायचं नाही, ते खाली जनावरांच्या हौदात सोडायचं. हौद पेटीपासून लांब आणि उताराला, हे वेगळं सांगायला नको.

झरा वनखात्याच्या जमिनीत निघाला तर खचून जाऊ नका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि पाइपलाइनसाठी १ हेक्टरपर्यंत वनजमीन वळती करता येते, त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. ठराव आधी करा, खड्डा नंतर.

पाणी वर चढवणं

झरा पाड्याच्या वर असेल तर देव पावला. बहुतेकदा तो खालीच असतो. ६० मीटर चढावर दिवसाला १०,००० लिटर चढवायचं तर शुद्ध कामच १.६ युनिट विजेचं. पंपातला, पाइपातला तोटा धरून ४ ते ४.५ युनिट. एप्रिलच्या उन्हात १ किलोवॉटच्या सौर पट्ट्या साधारण एवढी वीज देतात, म्हणून दीड किलोवॉटच्या घ्याव्यात. ५ एचपीचा पंप फुकट मिळतोय म्हणून झऱ्यावर बसवलात तर तो दहा मिनिटांत पेटी कोरडी करून हवा ओढेल. पंप झऱ्याच्या मापाचा हवा, आणि पाणी संपताच आपोआप बंद होणारा.

दर १० मीटर उंचीला १ किलो दाब. ६० मीटरला ६ किलो, म्हणून खालच्या अर्ध्या लांबीला १० किलो दाबाचा पाइप घ्या. वर ६ किलोचा चालतो. जिथे पाइप उंचवट्यावरून जातो तिथे हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप चालू, वीज चालू आणि नळाला फक्त फुस्स. आणि पाइप पुरा. काळे पाइप डोंगरावर उघडे टाकले की मार्चमध्ये वणवा लागतो आणि सकाळी डोंगरावर वितळलेली काळी रेघ उरते. दोन फूट खोल पुरण्याच्या मजुरीत कंजुषी केलेल्या योजना मी एकाच उन्हाळ्यात संपताना पाहिल्या आहेत.

प्रत्येक घराची आपली टाकी

पिण्याच्या त्या ८-१० लिटरसाठी माझी पहिली पसंती छपराच्या पाण्याला आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ३० चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं धरलं, तरी ४८,००० लिटर. पाच माणसांच्या घराला १५ फेब्रुवारी ते १५ जून, १२० दिवस, माणशी ८ लिटरने ४,८०० लिटर लागतात. म्हणजे छपरावर पडतं त्याचा दहावा भाग साठवला की उन्हाळा सुटला. ५,००० लिटरची टाकी पुरते आणि २०० मिलिमीटरच्या आसपास पावसात भरते. जुलैत असे चार-पाच दिवस पेठकडे येतातच.

फेरोसिमेंटची टाकी पाड्यावरचा गवंडी शिकून बांधू शकतो. आतून २ मीटर व्यास आणि १.६ मीटर उंची म्हणजे ५,००० लिटर. सळईचा सांगाडा, त्यावर कोंबडीची जाळी, एकाला तीन सिमेंट-वाळूचा घट्ट गिलावा. ओलं पोतं गुंडाळून दोन आठवडे पाणी मारायचं. इथे घाई केली की भेगा हमखास. बांधकाम मार्चमध्ये काढू नका, पाणी मारायलाच पाणी नसतं. डिसेंबर बरा.

छपराच्या कडेला पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा, टाकीकडे हलका उतार देऊन. पहिल्या सरीत धूळ, पक्ष्यांची घाण आणि चुलीची काजळी येते. काजळी विसरू नका, कौलांतून धूर निघतो तिथे ती थापच बसलेली असते. टाकीआधी चार इंची पाइपाचा एक उभा तुकडा जोडा, खाली बूच लावा. त्यात मीटरला साधारण ८ लिटर मावतात. पहिली ३० लिटर घाण तिथे अडकली की मगच पाणी टाकीत चढतं. पाऊस थांबला की बूच काढून ते ओतून द्यायचं. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी, आत उजेड अजिबात नको. उजेड आत शिरला की शेवाळ आणि डास दोन्ही आले. गवताचं छप्पर असेल तर पिण्यासाठी हे पाणी घेऊ नका, शेजारच्या पत्र्याच्या किंवा शाळेच्या छपराचं वाटून घ्या.

आणि टाकी भरली की कुलूप. पावसाळाभर वापरा, पुन्हा भरू द्या, पण सप्टेंबरअखेर काठोकाठ भरून नळाला कुलूप लावायचं ते महाशिवरात्रीलाच उघडायचं. तोवर झरा, विहीर चालू असतात. दाराशी पाणी आहे म्हणून दिवाळीतच टाकी संपवलेली घरं थोडीथोडकी नाहीत. उघडल्यावर दिवसाला ४० लिटर, म्हणजे दोन मोठे हंडे आणि एक कळशी. आत बांबूची काठी सोडून खुणा केल्या की दर महिन्याला १,२०० लिटरची उतरण डोळ्यांनी दिसते.

डोंगरात पाणी मुरवायचं

हे काम लोकांना सर्वांत जास्त आवडतं, कारण फोटो छान येतात. पण समतल चर कुठेही खणून उपयोग नाही. झऱ्याच्या वर, ज्या सड्यावर, म्हणजे माथ्याच्या पठारावर, तो सच्छिद्र थर उघडा पडलाय तिथेच चर हवेत. गावाच्या खालच्या अंगाला शंभर चर खणले तर फायदा खालच्या गावाला. ऑक्टोबरमध्ये ओहोळ वाहता असताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घाला. ते डिसेंबर-जानेवारीपर्यंत धुण्या-भांड्याचं आणि जनावरांचं पाणी देतात, तेवढा झऱ्यावरचा भार हलका.

ओढ्याच्या पात्रात वाळू साचलेली असेल आणि बाया तिथे झिरे खणत असतील, तर खाली पाणी आहेच. अशा जागी पात्रात आडवा चर खडकापर्यंत नेऊन भूमिगत बंधारा घालता येतो, पाणी वाळूतच राहतं आणि उडून जात नाही. यासाठी आणि विहिरीभोवतीच्या खडकात भेगा वाढवणाऱ्या जॅकेट वेलसारख्या उपायांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसालाच जागा दाखवा. त्यांच्याकडे निरीक्षण विहिरींची वर्षानुवर्षांची नोंद असते, वर्षातून चार वेळा घेतलेली. नारळ हातावर ठेवून पाणी सांगणाऱ्याला दिलेल्या पैशांत त्यांची जीप चार फेऱ्या मारेल.

टीसीएल

पाणी आलं तरी जून-जुलैत जुलाब सुरू झाले की सगळं मुसळ केरात. १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का याची तपासणी. पाणी पिवळं झालं तर ठीक. पावडरची पिशवी उघडी राहिली की जोर जातो, म्हणून महिन्याभराचीच आणा. घरच्या पावसाच्या टाकीत महिनोन्‌महिने आधी टीसीएल टाकून फायदा नाही, ते पाणी हंड्यात घेतल्यावर शुद्ध करा किंवा उकळा.

कुलपाची किल्ली कोणाकडे

पाइप फुटतात ते जोडता येतात, भांडणं जोडायला वेळ लागतो. याच जिल्ह्यात बागलाणकडे मोसम नदीवर सामाईक सिंचनाची फड पद्धत शेकडो वर्षं चालली, तीही पाटकऱ्याच्या जोरावर. पाणी कोणाला, कधी, किती, हे एकच माणूस ठरलेल्या नियमाने बघायचा आणि त्याचा मोबदला सगळे मिळून द्यायचे. वाघाड धरणावर ओझरच्या परिसरात पाणी वापर संस्थांनी तर पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. पाड्यालाही असा माणूस हवा. माझा अनुभव असा की ती बाई असावी आणि पाणवठ्याजवळ राहणारी असावी. सरपंचाच्या घरी किल्ली गेली की ती सरपंचाच्या कामांसोबत तालुक्याला जाते.

घरटी पाणीपट्टी ठरवा, भले महिन्याला २० रुपये का होईना. द्राक्षाचा पैसा हातात असतो त्या मार्च-एप्रिलमध्येच वर्षाची घ्या. लग्न असेल तर घरवाल्याने आठ दिवस आधी सांगायचं आणि जादा पाणी स्वतः आणायचं. हा नियम कडू वाटतो, पण एका लग्नात ३०० माणसांचं तीन दिवसांचं पाणी संपताना पाहिलंत की पटतो.

पैसा कुठून? पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागात, ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक भाग पाणी-स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. चर आणि बंधारे रोजगार हमीतून होतात. अडचण ग्रुप ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावं-पाडे मिळून एकच पंचायत असते तिथे येते. टाकी मोठ्या गावात बांधली जाते आणि पाड्याचं नाव फक्त आराखड्यात राहतं. २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतःची ग्रामसभा जाहीर करून घेता येते. हा कागद पाइपापेक्षा आधी करा.

सिन्नर-येवल्याकडे

तिथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. त्याच छपरावर साधारण १२,००० लिटर मिळतात, म्हणजे ५,००० लिटरची टाकी भरतेच, फक्त एकदोनदाच भरेल म्हणून पन्हळ जूनआधी धुऊन ठेवावी लागते. झरे जवळपास नाहीत, विहिरींवरच सगळं. आणि शेततळ्याचा मोह आवरा. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात ओतलं की एप्रिल-मेमध्ये दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर पाणी उन्हाने जातं. जमिनीखालची सावली सोडून पाणी उन्हात आणून ठेवायचं, हे मला कधी समजलं नाही. पिण्याच्या विहिरीपासून अशी तळी भरणारे पंप किती लांब आहेत, ते मात्र मोजून ठेवा. ५०० मीटरची टेप तिथेच उपयोगी पडते.